जगदाळेसाहेबांसमोरची खुर्ची

लखनौच्या आमच्या मराठी मंडळींत जगदाळेसाहेबांचं नाव निघालं की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, देवमाणूस होता. दुसरा म्हणतो, माणूस चांगला, पण डोक्याने जरा सरकलेला. मी कचेरीत त्यांच्या शेजारच्या खोलीत बरीच वर्षं काढली, म्हणून साक्षीला मला बोलावतात. मी दोन्ही तटांना हो म्हणते आणि समोरचा साबुदाणावडा उचलते. खरं सांगायचं तर त्यांच्याविषयी बोलताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो, आणि तो कुणाला दिसू नये म्हणून मी थट्टा करते.

गारपीट, पूर, थंडीची लाट, दुष्काळ असं काही झालं की शेतकऱ्यांना सरकारी मदत मिळते. ती वाटण्याची जी कचेरी आहे, तिथे ते अधिकारी होते. गावोगावचे लेखपाल, म्हणजे आपल्याकडचे तलाठी, पाहणी करून याद्या पाठवत. त्या तहसिलीतून, जिल्ह्यातून फिरत फिरत शेवटी जगदाळेसाहेबांच्या कॉम्प्युटरवर येत. त्यांनी डिजिटल सही केली की यादी माझ्याकडे यायची. मी बँकेची माणूस. मला बँकेने त्या कचेरीत नेमून दिलं होतं. मी यादी बँकेत पुढे पाठवली की पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात पडत. एवढंच काम. पण या एवढ्याशा कामात किती ठिकाणी उशीर करता येतो, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही.

मी रुजू झाले तो दिवस कडाक्याच्या थंडीचा होता. आलमबागेतून मेट्रोने आले, तर धुक्यात पुढचं स्टेशनसुद्धा दिसत नव्हतं. कचेरीतल्या प्रत्येक खोलीत हीटर लावलेला. जगदाळेसाहेबांच्या खोलीत मात्र दोन्ही खिडक्या सताड उघड्या, हीटर बंद, आणि साहेब अमीनाबादच्या फुटपाथवर घेतलेला लालभडक मफलर कानाला गुंडाळून बसलेले. नाकाचा शेंडा मफलरच्याच रंगाचा झाला होता. त्यांच्या टेबलासमोर एक जुनी, रुंद, वेताची खुर्ची होती. मी नमस्कार केला आणि खुर्चीकडे वळले.

"तिथं नको, वैद्यबाई," ते हळू आवाजात म्हणाले. "बसलेत."

मी खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. रुमालसुद्धा टाकलेला नव्हता. मला वाटलं, कुणीतरी उठून बाहेर गेलं असेल. मी भिंतीजवळच्या स्टुलावर बसले आणि आमचं बोलणं झालं. तेवढ्या वेळात कुणीही परत आलं नाही. मी जायला निघाले, तर शिपाई मुन्नालाल दारातून घाईने पुढे आला. "मैडम, उधर से नहीं," तो कुजबुजला. "कुर्सी के पीछे से निकलिए. सामने से नहीं निकलते." देवळात देवाला पाठ दाखवू नये म्हणून आई जशी मला हाताला धरून वळवायची, तसं त्याने मला वळवलं.

त्या संध्याकाळी मी घरी नवऱ्याला सांगितलं की माझा साहेब चक्रम आहे. आमची मुलगी मराठी समजते, पण बोलते हिंदीच. ती म्हणाली, "अच्छा है न मम्मी, बोर नहीं होगी." बोअर मात्र मी कधीच झाले नाही.

साहेब मूळचे साताऱ्याकडचे, माणदेशातले. नोकरीचं सगळं आयुष्य उत्तर प्रदेशात गेलं, तरी आवाजातला सातारा गेला नव्हता. इथल्या लोकांना त्यांच्या आडनावातला ळ काही जमायचा नाही. ते 'जगदाले साब' म्हणत. साहेब पहिल्या दिवशी एकदा दुरुस्त करत आणि मग सोडून देत. राहायला चिनहटच्या पुढे. तिथे कारखान्यांच्या मागे अजून थोडी शेतं उरली आहेत. कचेरीपासून एवढ्या लांब का राहता, असं विचारलं तर म्हणत, "सकाळी एकदा पिकाचं तोंड बघितलेलं बरं असतं." बायको पूर्वीच गेलेली, मुलगा बंगलोरला. डब्यात हाताने थापलेली भाकरी आणि मोहरीचा पाला. भाकरी जाड आणि कच्ची असायची. तसं म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही.

खिडक्यांचा नियम असा होता की मदत मंजूर होऊन खात्यात पडेपर्यंत साहेबांच्या खोलीत बाहेरचंच हवामान असायचं. थंडीची मदत अडकली असेल तर हीटर नाही. उन्हाळ्यात लू चालली असेल आणि दुष्काळाची यादी पडून असेल तर पंखा नाही, कूलर नाही. याद्या तपासायला मला त्या खोलीत बसावं लागे, तेव्हा घामाने माझी साडी स्टुलाला चिकटायची आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायची. पण एक मान्य करायला हवं. त्या खोलीत फाईल रेंगाळत नसे. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला ती लवकरात लवकर संपवून बाहेर पळायचं असायचं.

दिवसातून केव्हाही ते यादीतला कुठलाही नंबर काढून फोन लावत. "नमस्ते, मौसम कैसा है आपके यहाँ?" हा पहिला प्रश्न. पलीकडचा माणूस बावचळून जायचा. सरकारी माणूस हवापाण्याची चौकशी करतो म्हणजे काहीतरी घोटाळा आहे, असं त्याला वाटायचं. "खेत में पानी खड़ा है कि उतर गया?" हा दुसरा प्रश्न. तिसरा प्रश्न नसायचा. फोन ठेवताना साहेब खुर्चीकडे पाहून मान हलवत, जणू तिथल्या कुणाला उत्तर पोचवलं.

आणि ती खुर्ची! मदत बाकी असताना मुन्नालाल तिच्यावरची धूळ झटकत नसे. खुर्चीसमोर टेबलाच्या कडेला पाण्याचा ग्लास ठेवी. मी एकदा विचारलं, पाणी कमी होतं का रे? त्याला राग आला. "आप बंबई वाले हर बात का सबूत माँगते हैं," तो म्हणाला. मी वर्ध्याची आहे, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

एकदा दिल्लीहून एक बडे अधिकारी पाहणीला आले होते. होळी झालेली, हवेत उकाडा. गारपिटीची एक यादी वरच्या मंजुरीला पडून होती. साहेब जिन्यापर्यंत त्यांच्या स्वागताला गेले होते, पण अधिकारी लिफ्टने वर आले आणि आम्ही काही बोलायच्या आत त्या खुर्चीत ऐसपैस बसले. मुन्नालालच्या हातातला ट्रे खडखडला. अधिकाऱ्यांनी पाय पसरले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ते एकदम उठून उभे राहिले. मागे हात लावून पाहू लागले. "यह सीट गीली है क्या?" त्यांनी विचारलं. सीट कोरडी होती. मी हात लावून पाहिलं, आणि तो हात मी लगेच मागे घेतला. बर्फाच्या लादीवरून नुकतंच पोतं उचलावं, तसा तो वेत गार होता. अधिकारी उरलेली सगळी बैठक उभ्याउभ्या बोलले आणि यादी त्याच दुपारी मंजूर झाली. साहेबांना मी हे हसत सांगितलं. ते हसले नाहीत. "बाबांना त्रास झाला असेल," एवढंच म्हणाले.

हे बाबा कोण, ते मला पुढे कळलं. चिनहटच्या एका बैठकीहून आम्ही कचेरीच्या गाडीने परत येत होतो. फैजाबाद रोडवर गाड्या तुंबलेल्या. साहेब काचेबाहेर बघत होते, आणि मी काही विचारलेलं नसताना बोलू लागले.

तेव्हा ते तराईतल्या एका जिल्ह्यात नवीन होते. कागदावर सह्या करायचा काळ. हिवाळ्यात दव गोठून बटाट्याची शेतं करपली होती. रामसजीवन नावाचा एक म्हातारा मदतीची चौकशी करायला रोज कचेरीत यायचा आणि त्या वेताच्या खुर्चीत बसायचा. तक्रार नाही, आवाज नाही. त्याला पुन्हा पेरणी करायची होती, बियाण्याला पैसे हवे होते आणि पेरणीचे दिवस निघून चालले होते.

"त्याच्या तहसिलीची यादी माझ्या टेबलावर तयार होती, वैद्यबाई," साहेब म्हणाले. "नुसती सही करायची. पण दुसऱ्या तहसिलींच्या यायच्या होत्या. म्हटलं, सगळ्या एकदम पाठवू. एक पत्र, एक गठ्ठा. नीटनेटकं दिसतं."

गाडी थोडी पुढे सरकली आणि पुन्हा थांबली.

"एक दिवस सगळ्या याद्या आल्या. मी सह्या करायला बसलो. म्हातारा समोर होताच, घोंगडी पांघरून. मी सह्या करत त्याच्याशी बोलत होतो. बस बाबा, आज हो जाएगा. पुढच्या वर्षी बटाटा केवढा येईल, काय न् काय. तो ऐकत होता. सगळं झाल्यावर मी त्याचं पान फिरवून त्याच्यासमोर धरलं. म्हटलं, देखिए बाबा, हो गया." साहेबांनी मफलर सोडला आणि पुन्हा बांधला. "तो केव्हाच गेलेला होता. मी किती वेळ त्याच्याशी बोलत होतो, काय माहीत."

ड्रायव्हरने रेडिओ बंद केला.

त्यानंतर बदली झाली तेव्हा साहेबांनी ती खुर्ची पदरचे पैसे भरून कचेरीकडून विकत घेतली. पुढे प्रत्येक बदलीत ती त्यांच्याबरोबर फिरली. मदत बाकी असली की बाबा येऊन बसतात, पैसे पोचले की कुठेतरी निघून जातात, असं ते मला सांगत होते. म्हशी चरून संध्याकाळी गोठ्यात येतात हे सांगावं, तितक्या साधेपणाने.

"बाबांची मला भीती नाही," ते म्हणाले. "आपल्या उशिरापायी दुसरं कुणी त्या खुर्चीत येऊन बसू नये. एवढंच बघायचं. निवृत्त होईपर्यंत एवढं जमलं तरी पुष्कळ झालं."

मला त्यांची कीव आली आणि भीतीही वाटली. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे तेव्हा मला कळलं.

मग घाघरा नदीला पूर आला. नदीकाठचं एक गाव रातोरात पाण्यात गेलं. यादी आली, पण त्या गावाच्या नावांपुढे शेरा होता की घरं वाहून गेली, माणसांशी संपर्क नाही, रक्कम रोखावी. वरूनही फोन आला. माणसं आहेत की नाहीत हे ठरल्याशिवाय पैसे सोडू नका. तसं पाहिलं तर त्यात चूक काही नव्हतं.

साहेब खिडकीतून येणाऱ्या सपकाऱ्यात भिजत उभे होते. ते वळले आणि खुर्चीकडे पाहू लागले. नुसती नजर टाकली नाही. बसमध्ये आपली माणसं सगळी चढली का, हे बघावं तसं डावीकडून उजवीकडे पाहिलं, खुर्चीच्या मागे पाहिलं, दारापर्यंत पाहिलं. मी स्टुलावर आखडून बसले होते.

"बाबा एकटेच आहेत," ते म्हणाले. "नवीन कुणी आलेलं नाही. म्हणजे माणसं आहेत, वैद्यबाई. जिवंत आहेत."

"साहेब, हे मी बँकेला कारण म्हणून कसं कळवू?"

"कारण मी लिहितो. तुम्ही यादी पुढे पाठवा."

त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर सही केली. मी यादी पुढे पाठवली. अजून मला आठवतं, माझं बोट गार पडलं होतं. मग आम्ही वाट बघत बसलो. साहेब एकामागून एक नंबर लावत होते आणि प्रत्येक फोन बंद लागत होता. मधेच माझं पेन खाली पडून खुर्चीखाली गेलं. मी वाकले, तर तिथे मातीचा वास होता. वाफ्यातून भाजी उपटल्यावर येतो तसा, ओला. वरच्या मजल्यावर, फरशीच्या खोलीत. पेन मी तिथेच राहू दिलं.

पाणी उतरू लागलं तेव्हा एक फोन लागला. एक बाई ओरडून बोलत होती, मागे म्हशी हंबरत होत्या. सगळं गाव नदीच्या उंच बांधावर होतं. फोन भिजले होते, कुणाचाच चालत नव्हता. बँकेचा माणूस नावेतून मशीन घेऊन आला, अंगठे लावून त्याने पैसे दिले. ताडपत्री आली, जनावरांना भुसा आला. "साहब, हम तो समझे थे सरकार ने हमको मरा मान लिया," ती म्हणाली. साहेबांनी विचारलं, "मौसम कैसा है?" आणि फोन ठेवून खिडकी लावून घेतली.

या सगळ्याचा उलगडा मला विचारू नका. मी बँकेची माणूस आहे. मला ताळा जुळला की झोप लागते, आणि इथे ताळा जुळत होता.

साहेबांच्या निवृत्तीचा दिवस आला तो गारपिटीच्या मागोमाग. उभा गहू आडवा झाला होता. आडवा गहू लगेच कापून घेतला नाही तर ओंब्यांतच मोड येतात. कापायला मजूर लागतात आणि मजुराला रोख लागते. एका तहसिलीची यादी तयार होऊन साहेबांकडे आलेली, बाकीच्या यायच्या होत्या. आणि वरून हुकूम आला की सगळ्यांचे पैसे पुढच्या आठवड्यात एकदमच द्यायचे. कार्यक्रम ठेवला आहे. मंडप, हारतुरे, मोठा पडदा, पाहुण्यांच्या हस्ते बटण दाबणं. तोवर कुणी काही सोडायचं नाही. साहेबांची डिजिटल सही त्या संध्याकाळी बंद होणार होती.

मी सकाळी त्यांच्यासाठी पेढे घेऊन गेले. साहेब दारातच उभे होते, आत पाऊल न टाकता. चेहरा पांढराफटक. मुन्नालाल त्यांच्यामागे हार घेऊन उभा. मी विचारलं, काय झालं?

"बाबा आहेत," ते म्हणाले. "आणि शेजारी एक बाई आहेत."

मी त्यांच्या खांद्यावरून डोकावले. आत फक्त खुर्ची होती आणि उघड्या खिडकीतून येणारं ऊन.

"बसलेल्या नाहीत अजून," साहेब घाईने म्हणाले. "उभ्या आहेत. अजून उभ्या आहेत, वैद्यबाई!"

मी त्यांना तसं धावताना कधी पाहिलं नव्हतं. खुर्चीच्या मागून वळसा घालून ते टेबलाशी पोचले, मफलर खिडकीच्या कडीत अडकला तो तसाच सोडला. कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लावत होता. तेवढ्यात वरून फोन आलाच. यादी उघडलेली तिथे दिसत असावी. आवाज मलाही ऐकू येत होता. "जगदाले साहब, आज आपका आखिरी दिन है, क्यों अपनी पेंशन खराब करते हैं? सबका एक साथ जाएगा. अच्छा लगेगा."

"एक बार मैंने सबका एक साथ भेजा था, साहब," जगदाळेसाहेब म्हणाले. "अच्छा लगा था."

आणि त्यांनी फोन ठेवला. माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. "माझं काय करतील? निवृत्तच करतील ना? पण तुमची नोकरी पुष्कळ उरलीय. तुम्ही नाही म्हणालात तर मी समजून घेईन."

मी खुर्चीकडे पाहिलं. मला काहीच दिसलं नाही. आजवर कधीच दिसलं नव्हतं. पण खोलीत आणखी कुणीतरी ताटकळत उभं आहे, हे मला कळत होतं. बँकेच्या खिडकीशी रांग असली की मान वर न करताही कळतं, तसं. मी म्हटलं, "करा सही." आणि माझ्या खोलीत जाऊन यादी पुढे पाठवली.

परत आले तेव्हा साहेब फोन लावत होते. एक लागला नाही, दुसरा लागला नाही. मग एका तरुण माणसाने उचलला. साहेबांनी मौसम विचारलाच नाही. "पैसा आया?" एवढंच विचारलं.

"अभी मैसेज आया है साहब," तो माणूस म्हणाला. त्याचा श्वास लागला होता. "हम लोग खेत पर हैं. ओले गिरे तब से अम्मा खेत की मेड़ पर ही थीं. न खाना, न पानी. आज सुबह से आँख नहीं खोल रही थीं. हमने कान में बोला, अम्मा, पैसा आ गया, मजदूर बुला रहे हैं." पलीकडे कुणीतरी काहीतरी म्हणालं. "अब पानी माँग रही हैं."

साहेबांनी फोन टेबलावर ठेवला आणि खुर्चीच्या शेजारच्या जागेकडे पाहिलं.

"गेल्या," ते म्हणाले. "घरी गेल्या."

मी भिंतीला टेकून रडले. कचेरीत रडणाऱ्या बायकांना मी नेहमी नावं ठेवते, पण त्या दिवशी माझा इलाज नव्हता. मुन्नालाल हार घेऊन अजून दारातच होता. साहेबांनी हात हलवून त्याला नको म्हटलं. "चाय ले आ," ते म्हणाले. खिडक्या त्यांनी स्वतः लावल्या, मफलर कडीतून सोडवला आणि घडी करून टेबलावर ठेवला.

मग ते टेबलाच्या या बाजूला आले. आयुष्यभर ज्या खुर्चीत त्यांनी कुणाला बसू दिलं नाही, स्वतः कधी बसले नाहीत, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ती रिकामी झाली असणार. पैसे पोचले की बाबा जातात, असं त्यांनीच तर सांगितलं होतं.

साहेब थोडे वाकले. उत्तर भारतात रेल्वेच्या डब्यात, बसथांब्यावर, दवाखान्यात दिवसभर जे कानावर पडतं, तेच ते म्हणाले, अगदी अदबीने.

"ज़रा खिसकिए, बाबा."

क्षणभर थांबले. मग खुर्चीच्या एका कडेला, अर्धी जागा सोडून, अंग चोरून बसले. मुन्नालाल चहा घेऊन आला. न सांगता दोन ग्लास आणले होते. त्यांतला एकही माझ्यासाठी नव्हता. मी खुर्चीच्या मागून वळसा घालून बाहेर पडले आणि जाताना दार लोटून घेतलं.